माळ्यावरचा स्पेक्ट्रम: खाऱ्या वाऱ्यात मुरलेला जुना कॉम्प्युटर पुन्हा चालू करताना

आगोटीच्या आधी काकांचं घर आवरायला देवगड तालुक्यात गेलो होतो. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत, गोधडीत गुंडाळलेला काळा कीबोर्ड निघाला: सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस. सोबत त्याचा अ‍ॅडॅप्टर, एक टेपरेकॉर्डर आणि सात कॅसेटी. एकीवर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पेटी हिशोब ८८’. काकी खालून ओरडली, “वायर लाव मगे, चलता काय बघूया.”

वायर लावली नाही. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवताना एक गोष्ट पुष्कळदा पाहिली: तीस-पस्तीस वर्षं माळ्यावर तग धरलेलं यंत्र उत्साहात वायर लावल्याच्या पहिल्या मिनिटात मरतं. पुढचे तीन आठवडे काकी रोज विचारायची आणि मी रोज ‘उद्या’ म्हणायचो. त्या तीन आठवड्यांत काय केलं ते क्रमानं सांगतो. क्रम मोडू नका, एवढंच मागणं.

आधी हातात काय आहे ते ओळखा

आपल्याकडे सापडतो तो बहुधा स्पेक्ट्रमच. मूळ यंत्र ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आलं, रबरी बटणांचं. प्लस हे १९८४ चं, कडक बटणांचं. आतला बोर्ड मात्र तोच. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ पासून परवान्यानं ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला. शाळेच्या अडगळीतून फिकट रंगाचं अवजड यंत्र निघालं तर तो बीबीसी मायक्रो असेल. १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून ती शाळांना मिळाली होती. गल्फमधून कोणी आणलेलं असेल तर एमएसएक्स (अनेक कंपन्या एकाच नमुन्यावर बनवायच्या तो घरगुती कॉम्प्युटर) ही निघू शकतं, कारण कुवेतची सख्र कंपनी अरबी-इंग्रजी एमएसएक्स विकायची.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण या सगळ्यांची वीज वेगळी, टीव्हीला जाणारा सिग्नल वेगळा आणि प्रोग्रॅमही वेगळे. कमोडोर ६४ सापडला तर त्याचा मूळ वीटेसारखा अ‍ॅडॅप्टर थेट कधीच जोडू नका. तो जुना झाला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट सोडतो आणि मेमरी जाळतो. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचे रीफा कपॅसिटर असतात. दमट हवेनं त्यांना तडे जातात आणि चालू केल्यावर काही वेळानं धूर निघतो. वास असा की सुकी मासळी परवडली. ते काढून एक्स-२ दर्जाचेच नवे बसवायचे. त्या सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, तेव्हा सवय नसेल तर ते काम जाणकाराकडे द्या. इथून पुढे स्पेक्ट्रमबद्दल बोलतो.

मीठ स्पिरिटनं जात नाही

तळाचे स्क्रू काढून वरचा भाग सावकाश, बोटभरच उचला. कीबोर्डाच्या दोन चपट्या पट्ट्या बोर्डातल्या सॉकेटांत गेलेल्या असतात. त्या सरळ वर ओढून सोडवा. वाकवल्या तर जुनं प्लास्टिक कुरमुऱ्यासारखं मोडतं.

आमच्या यंत्रात काय नव्हतं? पालीची अंड्यांची टरफलं होती, मुंग्यांचं वारूळ होतं, आणि टेपच्या ‘इअर’ सॉकेटमध्ये कुंभारणीनं मातीचं घर बांधलं होतं. कोकणात हे बघायला विसरू नका. बोटाएवढं भोक दिसलं की कुंभारीण माती आणून भरतेच. टूथपिकनं आणि थेंबभर पाण्यानं माती सैल करून काढा. पिन आत खुपसू नका, आतली पितळी पत्ती वाकते.

बोर्डावर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो खाऱ्या हवेचा. बहुतेकजण आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात आणि साफ झालं असं मानतात. पण मीठ अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही, ते पाण्यातच विरघळतं. म्हणून आधी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश. त्यानंतर अल्कोहोल, जे राहिलेलं पाणी बाहेर काढतं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी अजिबात नको. टीव्ही सिग्नलचा पत्र्याचा डबा आणि छोटा स्पीकर यांत पाणी जाऊ देऊ नका. मग बोर्ड दोन दिवस सावलीत उभा ठेवा. मी तो कपाटात, ४० वॅटचा बल्ब लावून ठेवला. कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून आपल्याकडे लावतात तसाच.

मागच्या बाजूची बोर्डाची कड, जिथे बाहेरची उपकरणं जोडतात, ती काळी पडलेली असेल. पांढरा खोडरबर घासून मग अल्कोहोलनं पुसा. पॉलिश पेपर नको, थर निघून तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवं होतं. सॉकेटात बसवलेल्या चिप (यूएलए नावाची मोठी चिप बहुधा तशीच असते) दोन्ही बाजूंनी थोड्या थोड्या उचकटून काढा, पाय पुसून परत बसवा. कुठल्या टोकाला खाच होती त्याचा आधी फोटो काढा.

वीज: इथे घाई केलीत तर बाकीचं वाचू नका

पहिली तपासणी अ‍ॅडॅप्टरची, यंत्राला न जोडता. वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो: लाइनमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, त्याच्या पुढे सॉकेट. अ‍ॅडॅप्टर त्यात लावा. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. भर उजेडानं पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तो अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवा.

आता मीटर डीसी २० व्होल्टवर. स्पेक्ट्रमच्या पिनीत मधला भाग उणे आणि बाहेरचं नळकांडं अधिक असतं. आजकाल बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांच्या अगदी उलट. ९ व्होल्ट लिहिलंय म्हणून राउटरचा अ‍ॅडॅप्टर खुपसला आणि यंत्र गेलं, असं एक प्रकरण माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. नवा घ्यायचा असेल तर ९ व्होल्ट, निदान दीड-दोन अँपिअर, आणि पिनीची दिशा मीटरनं बघूनच बदलून घ्या.

मूळ अ‍ॅडॅप्टर मोकळा असताना ९ च्या जागी १२ ते १४ व्होल्ट दाखवेल. घाबरू नका. तो साधा, नियंत्रण नसलेला आहे. यंत्राचा भार पडला की खाली येतो. पण गावात मध्यरात्री लाइन २५० च्या वर जाते तेव्हा तोही वर चढतो, आणि ते जादा व्होल्ट आतला ७८०५ रेग्युलेटर (आलेल्या विजेचे नेमके ५ व्होल्ट करणारा भाग) उष्णतेत घालवतो. म्हणून चालवताना टीव्हीचा स्टॅबिलायझर मध्ये असू द्या. ७८०५ च्याच जागी बसणारा स्विचिंग रेग्युलेटर मिळतो, तो जवळजवळ तापत नाही. मी तोच बसवला. मूळ भाग जपणाऱ्यांना ते रुचणार नाही, पण त्यांना एप्रिलमधल्या देवगडच्या उकाड्याचा अनुभव नसावा.

पहिल्यांदा यंत्राला वीज देताना कीबोर्ड नाही, टीव्ही नाही, मागे काहीही जोडलेलं नाही. फक्त बोर्ड आणि मीटर. काळी पिन ७८०५ च्या धातूच्या पाठीला. आणि वीज देण्याआधी हे माहीत हवं की खालच्या १६ के मेमरीच्या आठ ४११६ चिपना तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात: ९ नंबरच्या पिनीवर अधिक ५, आठवर अधिक १२, आणि एक नंबरवर उणे ५. उणे ५ नसताना बाकीचे दोन मिळत राहिले तर या चिप मरतात. तेव्हा वीज द्या, मोजा, दहा सेकंदांत बंद करा.

आमच्याकडे ५ होते. १२ च्या जागी शून्य आणि उणे ५ च्या जागीही शून्य.

हे दोन्ही व्होल्ट एकाच छोट्या सर्किटातून येतात. तिथला ‘टीआर ४’ ट्रान्झिस्टर, झेडटीएक्स ६५०, हा स्पेक्ट्रमचा सगळ्यात बदनाम भाग. यंत्र चालू असताना मागे जॉयस्टिकची पेटी खुपसली की पहिला तोच जातो. पण तो एकटा बदलून पुन्हा वीज देऊ नका. आधी वीज बंद करून १२ व्होल्टची लाइन आणि जमीन यांमधला रोध मोजा. आमच्याकडे चार ओहम आला. म्हणजे ट्रान्झिस्टर जाणं हा परिणाम होता, मूळ दोष एखाद्या शॉर्ट झालेल्या मेमरी चिपचा. कुठली ते कळायला प्रत्येक चिपची आठवी पिन बोर्डापासून एकेक करून सोडवत गेलो. पहिल्या चार सोडवल्या, मीटर ढिम्म. पाचवी सुटली आणि आकडा टुणकन वर गेला. तिचे सगळे पाय कापून, उरलेले तुकडे एकेक करून काढून तिथे सॉकेट बसवलं. आख्खी चिप उपसायला गेलात तर खालचे तांब्याचे पट्टे सोबत निघून येतात.

त्या जागी ४१६४ चिप थेट लावू नका. आकार तोच, पायही सोळाच. पण तिची ५ व्होल्टची पिन आठवी आहे, म्हणजे तिला १२ व्होल्ट बसतील. ‘बसतं’ आणि ‘चालतं’ यांत फरक आहे, आणि जुन्या कॉम्प्युटरात तो बहुधा धुरावरूनच कळतो.

एवढं उघडलंच होतं तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलले. मूळचे आडवे, दोन्ही टोकांना तार असलेले असतात. लॅमिंग्टन रोडला ते शोधत दिवस घालवू नका, उभ्या प्रकारचे पाय वाकवून चालतात. प्रत्येकाची अधिक-उणे बाजू आधी फोटोत घ्या.

टीव्हीवर चित्र

मूळ यंत्र टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात यूएचएफ चॅनल ३६ वर चित्र सोडतं. जुन्या टीव्हीवर ते सापडेल, पण मुंग्या येतात. सोपा आणि साफ मार्ग एव्हीचा. पत्र्याच्या डब्यात बाजूनं दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि एक चित्राची. दोन्ही डब्यापासून सोडवा. ५ व्होल्टच्या तारेला टेप गुंडाळा. डब्यातून बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या पिनीला जाणारा भाग आतून तोडा आणि चित्राची तार तिथे डाखा. आता साधी एव्हीची पिवळी वायर चालते. आवाज यंत्राच्या स्वतःच्या स्पीकरमधून येतो, टीव्हीला जात नाही. तो येत नाही म्हणून डोकं खाजवू नका.

चित्र ‘पाल’ पद्धतीचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्याच पद्धतीचं आहे, पण सेकंदाला नेमकी ५० नव्हे, ५०.०८ चित्रं येतात. जुन्या काचेच्या टीव्हीला याचं काही वाटत नाही. काही एलसीडी मात्र चित्र सरकवतात किंवा ‘सिग्नल नाही’ म्हणतात. एचडीएमआय कन्व्हर्टर घेताना परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. मी भंगारवाल्याकडून १४ इंची टीव्ही किलोच्या भावानं आणला आणि प्रश्न मिटला.

चालू केल्यावर क्षणभर काळं, मग पांढरं होऊन खाली ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड’ अशी ओळ यायला हवी. दर आठ ठिपक्यांमागे एक उभी रेघ सगळीकडे दिसली तर खालच्या आठ चिपपैकी एक अजून आजारी आहे. ओळ आली तरी खुश होऊ नका, आधी हे टाइप करा: ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के. ३२७६७ आलं तर वरची मेमरी गेलीय आणि यंत्र स्वतःला १६ के समजतंय. छोटे प्रोग्रॅम चालतील, मोठे मध्येच कोसळतील.

बटणं लागत नसतील तर

एकेक बटण दाबून यादी करा, कारण कुठली लागत नाहीत त्यावरून बिघाड कळतो. ‘१ ते ५’ किंवा ‘ए ते जी’ अशी ओळीतली पाच सलग गेली असतील तर आठ तारांच्या पट्टीत दोष. १, क्यू, ए, ०, पी, एंटर आणि स्पेस अशी पसरलेली, बाहेरच्या कडांची बटणं गेली असतील तर पाच तारांच्या पट्टीत. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा बसवल्यावर कधी कधी भागतं. पट्टी मुळाशीच मोडली असेल तर नवा मेंब्रेन (बटणांखालचा तारा छापलेला पातळ प्लास्टिकचा पडदा) मागवावा लागतो. तो आजही नव्यानं बनतो. प्लसचा आणि रबरी बटणांचा मेंब्रेन वेगळा, मागवताना बघा.

प्रोग्रॅम आत घालणं

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे तुमचा फोन. टॅप किंवा टीझेडएक्स प्रकारच्या फाइलचा (कॅसेटीवरच्या प्रोग्रॅमची ती नक्कल) आवाज करून वाजवणारी अ‍ॅप मिळतात. फोनपासून ‘इअर’ सॉकेटपर्यंत वायर, आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर आणि आवाज सुधारणारी सगळी सोंगं बंद. विमान मोड चालू करा. चार मिनिटं लोड होत आलेला गेम व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ‘टिंग’नं मेलेला मी पाहिलाय.

‘जे’ हे बटण दाबलं की ‘लोड’ उमटतं, मग सिम्बॉल शिफ्टसोबत पी दोनदा, मग एंटर. कडेला लाल-आकाशी जाड पट्टे हळू सरकले की सूर सापडला. मग निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माहिती येतेय. ‘आर टेप लोडिंग एरर’ आला तर आधी आवाज थोडा वर-खाली करा. नव्या फोनांना हेडफोनचं भोकच नसतं. टाइप-सीचा तुकडा लावा, पण अगदी स्वस्तातले पुरेसा आवाज देत नाहीत.

रोज वापरायचं असेल तर डिव्हएमएमसी नावाचं कार्ड वाचणारं उपकरण घ्या. मागे बसतो, एसडी कार्डावरून क्षणात लोड होतं. दोन गोष्टी सांभाळा: लावताना-काढताना वीज बंद (टीआर ४ आठवतोय ना?), आणि ईएसएक्सडॉसची (हे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती उपकरणात आणि कार्डावर एकच हवी, नाहीतर सुरूच होत नाही. कार्ड फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा. विचित्र, जलद लोडिंग करणारे काही गेम त्याच्या टॅप मार्गानं चालत नाहीत. त्यांची स्नॅपशॉट फाइल (लोड झालेल्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल) घ्या किंवा फोनवरूनच वाजवा. १२८ के साठी लिहिलेला गेम ४८ के वर चालणार नाही, त्यात यंत्राचा दोष नाही.

काकांच्या कॅसेटी

गेम कुठेही मिळतात. घरात टाइप केलेला प्रोग्रॅम जगात त्या एकाच कॅसेटीवर असतो, म्हणून ती शेवटी हातात घ्या आणि सगळ्यात जपून. खिडकीतून फितीची कड बघा. पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. काकांच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून काकवीसारखा झाला होता, त्यात घातली असती तर फीत गुंडाळूनच निघाली असती. शेजारच्या गावातून चालू डेक आणला. त्याचं हेड अल्कोहोलनं पुसलं. फीत आधी पेन्सिलीनं दोन्हीकडे थोडी फिरवून मोकळी केली. स्पंजाची गादी गळून पडली होती, ती रिकाम्या कॅसेटीतली काढून लावली.

थेट स्पेक्ट्रमला जोडू नका. फीत कदाचित एकदाच नीट वाजेल, तेव्हा ती एकदा लॅपटॉपवर साठवा, ४४.१ किलोहर्ट्झ, दाबणूक न केलेल्या वेव्ह फाइलमध्ये. वाजत असताना हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवत राहा. आवाज सगळ्यात तीक्ष्ण, कानाला बोचणारा झाला की थांबा. मग फ्यूज इम्युलेटर (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सोबतच्या साधनांतल्या ‘ऑडिओ टू टेप’ प्रोग्रॅमनं त्या आवाजाची टेप फाइल बनते.

पावसाळ्याचं तेवढं सांगून टाकतो. वळीव सुरू झाले की वापर झाल्यावर प्लग आणि टीव्हीची वायर दोन्ही काढून ठेवा. यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल कोंडते. रबरी कड असलेल्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेल गुलाबी पडली की तव्यावर मंद आचेवर तापवून परत घाला. आठवड्यातून अर्धा तास चालवा.

तर, पेटी हिशोब. लोड झाला, खाली ‘ओके’ आलं. इथे बहुतेकांचं बोट सवयीनं आर वर जातं, ‘रन’. थांबा. स्पेक्ट्रम सेव्ह करताना प्रोग्रॅमसोबत त्या वेळच्या सगळ्या किमती, सगळी भरलेली माहितीही फितीवर टाकतो, आणि ‘रन’ ती सगळी पुसतो. कॅसेट आहे तर पुन्हा लोड करता येईल. पण मध्येच ‘सेव्ह’ केलंत तर गेलं. म्हणून आधी ‘लिस्ट’ बघा, मग ‘गो टू १०’.

मी ‘गो टू १०’ दिलं. रोमन अक्षरांत पट्ट्या येऊ लागल्या: तारीख, पेट्या, डझन, भाव, अडत, हमाली, भाडं, हातात किती. क्रॉफर्ड मार्केटला पाठवलेल्या १९८८ च्या हापूसचा एकेक हिशोब. तिसऱ्या पट्टीपुढे शेवटचा रकाना शून्य होता. मला वाटलं मेमरीचाच दोष, मी पुन्हा पीक टाइप करायला लागलो. काकी चष्मा सरकवत टीव्हीजवळ गेली, बोट ठेवलं आणि म्हणाली, “तां बरोबर आसा. त्या दलालाचे पैसे अजून येवचे आसत.”